सासऱ्याचं नाव

आई, परवा दारात कुरियरवाला आलेला. तुझी नातसून, म्हणजे माझी सून, आतूनच ओरडली, "हां, इथेच राहतात," आणि माझं नाव आडनावासकट खणखणीत घेऊन मोकळी झाली. सासऱ्याचं नाव! मला हसू आलं आणि लगेच तुझा राग आला. इतकं सोपं असतं गं ते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आला राग.

तुझे सासरे गेले आणि वर्षाच्या आत मी झालो, म्हणून बारशाला आत्याने त्यांचंच नाव माझ्या कानात सांगितलं. म्हातारा परत आला म्हणून आजीपासून सगळे खूश. तुझी काय पंचाईत झाली ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, मग पोराला हाक कशी मारायची? नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात तरी घेता येतं. तू मला बाळ म्हणालीस, राजा म्हणालीस, चिडलीस की "मेल्या". ठाकुर्लीच्या चाळीत बाकीच्या आया पोरांना नावाने बोलवायच्या. तू नुसतं "अरे एऽऽ" करायचीस आणि गॅलरीतली सगळी पोरं वळायची.

वागळे इस्टेटमधला तो दिवस आठवतो? मी नोकरीला नवीन लागलेलो, डबा घरी विसरलेलो. तू भर उन्हात ठाण्याला आलीस. कंपनीच्या गेटवर वॉचमन विचारतोय, "किससे मिलना है? नाम बोलो." तू म्हणतेस, "माझा मुलगा." "अरे माँजी, यहाँ सब किसी ना किसी का लडका है." सुट्टीत मी चहाला बाहेर पडलो तर तू भिंतीच्या सावलीत, डबा मांडीवर घेऊन बसलेली. मी सगळ्यांसमोर खेकसलो, "एक नाव सांगायला जीभ झडते का तुझी?" तू पदराने तोंड पुसलंस. "सांगणार होते रे, तोंडातून फुटेचना," एवढंच म्हणालीस. मी डबा घेऊन आत गेलो. तू काही खाल्लंस का, ते विचारलंसुद्धा नाही.

मग कल्याणचं हॉस्पिटल. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आजी, हे कोण?" "माझं बाळ." "नाव काय यांचं?" तू गप्प. "विसरल्यात," ते नर्सला म्हणाले. विसरली नाहीये हो, घेत नाही ती, असं मी सांगायला हवं होतं. त्याऐवजी तुझ्या कानाशी वाकलो आणि हट्ट धरला, "आई, एकदाच घे ना. कोण ऐकतंय इथे?" तुझे ओठ हलले. मग तू इतकं ओशाळून माझ्याकडे पाहिलंस की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू तोंड भिंतीकडे वळवलंस. त्यानंतर बोललीच नाहीस. कशाला छळलं गं मी तुला?

दहाव्याला मावशीने मला बाजूला घेतलं. "जाताना तरी ताईने तुला नावाने हाक मारली का रे?" मी हो म्हणालो. ती रडली, म्हणाली, "सुटली बिचारी." मग बायकोला तेच सांगितलं, मुलाला सांगितलं, परवा सुनेलाही. सांगताना तुझा आवाज काढतो. सगळ्यांना ते खरं वाटतं, म्हणून हा कागद कुणाला दाखवायचा नाही. पण तुझ्या आवाजात माझं नाव कानाला कसं लागतं, आई, मला माहीतच नाही.