अण्णांच्या गोळ्या कुठल्या प्लॅनमध्ये बसतात?

२६ मार्च २००६, रविवार
मेडिकेअरच्या, म्हणजे पासष्टीनंतरच्या अमेरिकन सरकारी विम्याच्या, औषध-प्लॅनची आणखी पत्रं. योजना सरकारची, विकणाऱ्या कंपन्या ढीगभर, निवड आपली. पंधरा मेच्या आत घ्यायचा, नंतर घेतला तर कायमचा दंड. विनायकने, माझ्या नवऱ्याने, आयुष्यभर पूल बांधले, पण ब्रोशर हातात घेतलं की पेंगतो. मला मात्र भारी कुतूहल. तीच गोळी एका प्लॅनमध्ये स्वस्त, दुसऱ्यात नाहीच. हे ठरवतं कोण?
वि. आज सोफ्यावरून उठताना हेलपाटला. भिंत धरली. "पाय झोपला होता." हल्ली त्याचा पाय फारच झोपतो. भीती वाटते मला.

२ एप्रिल, रविवार
मीनल अ‍ॅशबर्नहून फोनवर, तिच्या कॉम्प्युटरवर प्लॅन शोधणारी साइट. लेकीने नावं टाकायची, मी वाचायची. इथल्या औषधांच्या बाटल्या पटापट झाल्या. मग अण्णांची स्ट्रिप घेतली. अण्णा म्हणजे वि.चे थोरले भाऊ, साताऱ्यात डॉक्टर. दर डिसेंबरात तिकडून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत लाडू-चिवड्याबरोबर वि.च्या बीपीच्या वर्षभराच्या गोळ्या येतात.
"आई, स्पेल इट अगेन... नोप. इट डझन्ट एग्झिस्ट."
आतून वि.: "ते घालू नका गं. ते औषधात नाही धरायचं."
रोज सकाळी चहाआधी घेतो, आणि औषध नाही म्हणे. खोदून विचारलं तेव्हा कळलं, इथल्या डॉक्टरलाही सांगितलेलं नाही. अण्णांची गोळी म्हणजे घरचं, ते काय सांगायचं!

५ एप्रिल
नाव सापडत नाही तर आत काय आहे ते तरी बघू, म्हणून भिंग घेऊन बसले. स्ट्रिपमागची अक्षरं मुंगीएवढी. एका गोळीत दोन औषधं: अ‍ॅम्लोडिपिन आणि एटेनोलॉल. सापडलं म्हणून आधी खूश झाले. मग ओट्यावरची इथली बाटली दिसली, गेल्या ऑक्टोबरात डॉक्टरने सुरू केलेली. तिच्यावरही एटेनोलॉल. पुन्हा वाचलं. तेच.
म्हणजे ऑक्टोबरपासून दुप्पट. तो हेलपाटतो ते पाय झोपल्याने नाही, त्या चकरा ह्याच्याच असणार.
वि.: "अण्णा चुकीचं देणार नाही."
"अण्णांना इथल्या बाटलीचं सांगितलंयस का?"
त्याने पेपर उघडला. डॉक्टरकडे परवाची वेळ घेतली.

७ एप्रिल
वि.ने पुन्हा फक्त बाटल्या सांगितल्या. स्ट्रिप मीच टेबलावर ठेवली. डॉक्टरने नाडी बघितली, बराच वेळ. फारच मंद. रागावला नाही, उलट स्ट्रिप उलटसुलट करून बघत बसला. अशी जोडगोळी म्हणे इथे मिळत नाही. आता दोन्ही औषधं इथलीच, वेगवेगळी. तिकडची बंद.
गाडीत वि.: "इतकी वर्षं मी धडधाकट आहे तो कुणामुळे?"
म्हटलं, "अण्णांमुळे. मला पुढेही धडधाकट हवायस."
गाडी मीच चालवली.

२२ एप्रिल
चक्कर नाही. चेहऱ्यावर रंग आलाय. स्ट्रिपा ड्रॉवरमध्येच आहेत, टाकू देत नाही. घेत नाही, हे मी बघते. (हो, बघते.)
मीनलने अ‍ॅम्लोडिपिन घालून पुन्हा शोधलं, तर सगळा क्रम उलटापालटा. ज्या प्लॅनला नावं ठेवत होतो तोच वर. एका गोळीने एवढी उलथापालथ, मला गंमतच वाटली. तिने निवडून दिलाय, नुसतं बटण दाबायचं. वि. दाबत नाही. "बघू." आता लक्षात येतंय. प्लॅन घेतला की अण्णांची गोळी कायमची सुटली, आणि तसं साताऱ्याला सांगावं लागणार.

१४ मे, रविवार
मदर्स डे. मीनलचा फोन, शुभेच्छा कमी आणि दम जास्त. "आई, इट्स टुमॉरो. बाबांना सांग."
चहा झाल्यावर वि.नेच फोन उचलला. साताऱ्यात संध्याकाळ. स्पीकर लावला. चकरा, दुप्पट डोस, नाडी, सगळं सांगितलं, शाळेतल्या मुलासारखं. वाटलं अण्णा चिडतील. त्यांनी शांतपणे विचारलं, आता नाडी किती, पायाला सूज आहे का, झोप लागते का. मग म्हणाले, "बरोबर केलंत. माझी बंद म्हणजे बंद."
आणि पुढे, "मग विनू, डिसेंबरात मी काय पाठवू?"
वि.ने फोन माझ्या हातात दिला आणि मागच्या अंगणात गेला. म्हटलं, भावजी, विचार करून कळवते. ते म्हणाले, "कळव हं. तिकडे येणारं माणूस बघून ठेवलंय मी."
प्लॅनचं पान उघडं आहे. उद्या शेवटचा दिवस. वि. अजून आत आलेला नाही.