डॉक्टरांना सगळं आठवतं

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी

संकल्प एकच. मागच्या वर्षी सात होते, म्हणून एकही झाला नाही.

दवाखान्यातला कॉम्प्युटर बदलायचा. चौदा वर्षांचा आहे. सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, पेशंट दुखणं सांगतो ते ऐकू येत नाही. नवीन मागवला. पोळीच्या डब्यापेक्षा लहान, आवाज शून्य. आतली डिस्क कोरी.

जुन्यातलं सगळं जसंच्या तसं उचलून नव्यात ठेवायचं. त्यासाठी बॅकअप सॉफ्टवेअर मिळतं. मनवाने पुण्याहून फोनवर सांगितलं, 'बाबा, नगरच्या अझहरना बोलवा, त्यांचं कामच ते आहे.' म्हणालो, पोरी, तुझा बाप माणसाचं शरीर दुरुस्त करतो. हा तर डबा.

२ जानेवारी. दुपारी

गहिनीनाथ आला होता, टेम्पोवाला. आत पाऊल टाकतो तोच विचारलं, 'काय, उजव्या कुशीवर झोपलं की अजून खोकला येतो का? आणि मेहुण्याची कोर्टकेस कुठवर आली?' जागीच थांबला. बाहेर जाऊन बाकड्यावरच्या सगळ्यांना सांगत होता, 'डॉक्टरान्ला लई ध्यानात ऱ्हातं. माझ्या बायकूला न्हाई म्हाईत मी कंच्या कुशीवर झोपतो.'

तिसगावात आमच्या होमिओपॅथीचे तीन दवाखाने. गर्दी माझ्याकडे. गोळ्या तिघांच्याही त्याच. फरक स्मरणशक्तीचा.

पेशंटचा नंबर टाकला की पडद्यावर त्याची माहिती येते हे खरं. ओझरतं पाहतो, फक्त खात्रीसाठी. आठवलेलं आधीच असतं.

४ जानेवारी, रविवार

बॅकअपचा मुहूर्त. सॉफ्टवेअर फुकट, महिन्याच्या बोलीवर. बाहेरची हार्ड डिस्क जोडली. सुरू केलं. पाथर्डीकडून लाईट गेली. पुन्हा सुरू केलं. इन्व्हर्टरने पाऊण तास साथ दिली, मग त्यानेही मान टाकली. तिसऱ्यांदा संध्याकाळी पूर्ण.

सॉफ्टवेअरने विचारलं, पासवर्ड ठेवायचा का. अर्थात. पेशंटची गुपितं आहेत. असा ठेवला की कुणाच्या बापाला सापडायचा नाही. मग विचारलं, विसरलात तर आठवणीसाठी एखादा शब्द द्या. हसू आलं. 'नेहमीचाच' असं टाईप केलं.

बॅकअप बरोबर झाला का हे तपासायला आणखी तीन तास मागत होतं. नाही म्हटलं. विश्वास नावाची गोष्ट असते.

मनवा म्हणाली, पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवा. कुणाला सांगते आहे!

११ जानेवारी, रविवार

नवीन डबा आला. देखणा. बायकोने, लीनाने, हळदकुंकू वाहिलं. सॉफ्टवेअर पेन ड्राईव्हवर घेतलं, त्यावरून डबा सुरू करून बॅकअप उतरवायला बसलो. डबा पेन ड्राईव्ह ओळखतच नाही. काळा पडदा, इंग्रजीत एक ओळ: सुरू करायला काही सापडत नाही. सहा वेळा केलं. सहाव्यांदा जरा रागाने केलं. तेच.

डबाच सदोष असणार. तरी पद्धत बदलतो. बॅकअप, मग उतरवणं, हा द्राविडी प्राणायाम हवाच कशाला? नवी डिस्क बाहेर काढायची, जुन्या कॉम्प्युटरला जोडायची, एकीवरचं थेट दुसरीवर. याला क्लोन म्हणतात. पुढच्या रविवारी.

१४ जानेवारी. संक्रांत

मनवाचा फोन. तिळगुळाच्या आधी, 'बाबा, जुन्या डिस्कला हात लावू नका.' तिळगूळ घे, गोड बोल, म्हणालो.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी एक

यश!

दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. सॉफ्टवेअर त्यांना डिस्क 0 आणि डिस्क 1 म्हणतं. कुठून घ्यायचं, कुठे टाकायचं, एवढं सांगायचं. जुनी ती पहिली, म्हणजे डिस्क 1. कोरी ती 0, कारण तिच्यात शून्य आहे. यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. लाल अक्षरांत विचारलं, दुसऱ्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की? कोऱ्यावरचं काय पुसणार? हो. पुन्हा विचारलं. हो! डॉक्टरला निर्णय घेता आला पाहिजे.

मनवा म्हणत होती चार-पाच तास लागतील. पाच मिनिटांत झालं. हा नव्या तंत्रज्ञानाचा वेग.

संध्याकाळी सहा

नवी डिस्क डब्यात बसवली. काळा पडदा. जुना कॉम्प्युटर लावला. त्याचाही काळा. गिरणी चालू, पीठ नाही.

काम अर्धवट झालं असावं. पाच मिनिटांत मलाही शंका आली होतीच. एक पर्याय दिसला: 'कानाकोपऱ्यासकट सगळं, सावकाश.' अर्धवट काम मला आवडत नाही. दोन्ही पुन्हा जोडून, मागचंच सगळं कायम ठेवलं आणि तो पर्याय लावला. चालू आहे. आज लाईटही गेली नाही. शुभ लक्षण.

१९ जानेवारी, सोमवार

अझहरला बोलावलं. मदतीला नव्हे, दुसरं मत म्हणून. तो आला, पाहिलं, खुर्चीवर बसला. म्हणाला, 'सर, कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो. जुनी डिस्क शून्य होती. तुम्ही कोरी डिस्क भरलेलीवर उतरवली.' मी म्हणालो, मग उलटं फिरव. म्हणाला, 'पाच मिनिटांवर थांबला असता तर काहीतरी काढलं असतं. सावकाशवालं केलंत, त्याने सगळीकडून चुना मारला.'

हरकत नाही. बॅकअप आहे! अझहरलाही हे ऐकून बरं वाटलं. त्याने डब्यात एक सेटिंग बदललं, पेन ड्राईव्ह लगेच चालला. म्हणजे डबा सदोष नव्हता, सेटिंग सदोष होतं. मी तेच म्हणत होतो.

बाहेरची डिस्क जोडली. पासवर्ड मागितला. टाकला. चुकीचा. अझहरने शिष्टाचार म्हणून तोंड खिडकीकडे केलं. पुन्हा टाकला. चुकीचा. आठवणीचा शब्द पाहिला: 'नेहमीचाच'.

'नेहमीचाच' हेही टाकून पाहिलं.

अझहर चहा न घेता गेला.

२१ जानेवारी. दुपारी

घाबरण्यासारखं काही नाही. पासवर्ड डोक्यातच आहे, फक्त वर यायचा आहे. माणूस ठेवून ठेवून काय ठेवणार, घरचीच एखादी तारीख. लीनाला सहज विचारलं, तुझा वाढदिवस नक्की कधी गं?

पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, आधार कार्डावर बघा. पाहिलं. एक जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जून आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेला. तिला सांगितलं, हा खरा नाही. म्हणाली, 'हे तरी माहीत आहे तुम्हाला.'

लग्नाची तारीख मला पाठ आहे. अकरा मे. टाकली, चुकली. लीना म्हणाली, एकवीस. तीही चुकली.

रात्री जेवताना म्हणाली, 'पेशंटच्या मेहुण्याची कोर्टकेस तुम्हाला पाठ असायची. मला वाटायचं, दिवसभर एवढ्या लोकांचं डोक्यात ठेवतात, घरच्यांसाठी जागाच उरत नाही. म्हणून कधी बोलले नाही.'

आमटी वाढायला सांगितलं.

२४ जानेवारी, शनिवार

लीना मनवाकडे गेली. आठवडाभर, म्हणाली. पिठाचा डबा कुठे आहे ते सांगून गेली. ऐकताना पासवर्डचा विचार करत होतो.

दवाखाना स्मरणशक्तीवर चालू आहे. तसा तो नेहमीच होता.

२७ जानेवारी

आज जरा गडबड. गहिनीनाथ आला. प्रसन्न चेहऱ्याने विचारलं, 'काय, मूळव्याधीचं रक्त थांबलं का?' बाहेर बाकडं भरलेलं, दार उघडं. म्हणाला, 'कुनाची मूळव्याध, डॉक्टर? मला खोकला हाय.' बाहेर कुणीतरी हसलं. आवाज खाली आणून म्हणालो, लपवू नये. तो गोळ्या न घेता गेला. संध्याकाळी चौकात लोक त्याला टेम्पोच्या सीटवर उशी घे म्हणत होते, असं कळलं.

मूळव्याध आहे कुणाला तरी. एवढं मला नक्की आठवतं.

३० जानेवारी. सकाळी अकरा

इमामबी आल्या. आठवतात! गुडघे, आणि थंड पाणी चालत नाही. हे चेहऱ्यावरून आठवलं, पडद्याशिवाय. उत्साहात पुढे विचारलं, मुलीचं बाळ कसं आहे?

म्हणाल्या, 'मला मुलगी कुठंय डॉक्टरसाब? तिन्ही मुलगेच.'

मग बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. मी तो उगाच तिरका करून ठेवला होता. म्हणाल्या, 'तुम्ही त्यात बघून बोलायचे का?'

मी म्हणालो, नाही, मी बोलायचो ते तो लिहायचा.

'मी घरात सगळ्यांना सांगायचे,' म्हणाल्या, 'की डॉक्टरसाब नमाजातल्या दुआसारखं सगळ्यांचं नाव घेतात.' गोळ्या घेतल्या. पैसे ठेवले. पुन्हा कधी यायचं ते विचारलं नाही.

४ फेब्रुवारी

अझहर बाहेरची डिस्क घेऊन गेला होता, पासवर्ड फोडायला. आज परत आणली. म्हणाला, 'सर, मशीनला आठ दिवस लावून ठेवलं. लईच स्ट्राँग ठेवलाय तुम्ही.' मनातून बरं वाटलं. मी म्हणालो, किती दिवसांत फुटेल? म्हणाला, 'तुमच्या-माझ्या हयातीत नाही.'

मनवाला हे कळवलं. तिने फक्त 'ओके' पाठवलं. तिच्या पिढीत भावना दाखवायची पद्धत वेगळी आहे.

७ फेब्रुवारी

स्मरणशक्तीवर आपल्याकडे उत्तम औषध आहे. स्वतःसाठी काढलं. दिवसातून तीनदा, चार गोळ्या.

८ फेब्रुवारी

सकाळचं घेतलं की नाही, नक्की नाही. परत घेतलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लीनाचा आठवडा अजून संपलेला नाही. दुपारी मनवाचा मेसेज, 'आज आईला फोन केलात का?' लिहिलं, कशाला, काही विशेष? त्यावर उत्तर आलं नाही.

संध्याकाळी भांडी घासताना लक्षात आलं. लगेच फोन केला. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. लीना म्हणाली, 'मनवाने सांगितलं ना?' मी म्हणालो, छे. म्हणाली, 'बरं.' जेवलात का विचारलं. पिठलं केलं होतं म्हणालो. मागे मनवाच्या घरात माणसांचा आवाज होता, केक कापत असावेत. म्हणाली, ठेवते.

ठेवल्यावर बारा-दोन टाकून पाहिलं. चुकीचा.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बसस्टँडजवळ नवीन डॉक्टर बाई बसायला लागल्या आहेत. गर्दी दिसते. नवलाई. चौकशी केली, त्या पेशंटला काय विचारतात. कळलं, नाव विचारतात, मग काय होतंय ते विचारतात. यात काय कौशल्य?

आज माझ्याकडे दोघे. एक रस्ता विचारायला.

१९ फेब्रुवारी

लीना आली. बॅग ठेवून आधी ओटा पुसला. बोलते. मीठ बरोबर आहे का विचारते. संध्याकाळी मी म्हणालो, या महिन्याच्या आत पासवर्ड आठवणार म्हणजे आठवणार. ती म्हणाली, 'नका आठवू आता.' चिडून नाही. आजारी माणसाला म्हणतात तसं.

२३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी

नवीन डबा सुरू झाला. अझहरने कोरं विंडोज टाकलं, पेशंटचा प्रोग्रॅम टाकला. अजिबात आवाज नाही. उघडल्यावर वर लिहून येतं: एकूण पेशंट 0.

सकाळपासून एकच आल्या. साठीच्या पुढच्या, डोंगराकडच्या वस्तीवरून, चालत. चेहरा पाहिलेला वाटला. प्रोग्रॅम नाव घातल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून विचारलं, नाव काय?

माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'बनुबाई.'

किती दिवसांपासून येता?

'धाकला बालवाडीत हुता तवापासनं.'

मुलं किती?

'तीन हुती. धाकला गेला.'

कधी?

'औंदा दिवाळीच्या आदी. तुमी आलता की मातीला. गाडी लांब लावून चालत आलता. माझ्यापाशी बसल्ता.'

हो हो, म्हणालो, आठवतंय की. सवयीने पडद्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं, मान वाकडी करून. तिथे त्यांचं नाव होतं आणि खाली पांढरं.

म्हणाल्या, 'न्हाई आठवत तुमाला. असू द्या. लिवा.'

मुलाचं नाव विचारलं. कल्याण. ते लिहायला प्रोग्रॅममध्ये जागा नाही. 'अपत्ये तीन, हयात दोन' असं लिहिलं. पुढचा रकाना याआधीच्या औषधाचा. विचारलं, माझ्याकडून कोणतं औषध चालू होतं?

बनुबाईंनी आठवून पाहिलं. खरंच प्रयत्न केला, मला दिसत होतं.

'गोळ्या हुत्या,' म्हणाल्या. 'पांढऱ्या. गोड.'

ते लिहिलं.