बाहेरून उघडणारी कडी

३ तारीख, मंगळवार

पाच दारं. आठ खिडक्या. सगळ्या कड्या. दोन पलंग, ओटा, आणि माळ्यावर जाणारा जिना – तेरा पायऱ्या, प्रत्येक पावणेसात इंच, एकही करकरत नाही. हे सगळं माझ्या हातचं. कुठल्या शाळेत शिकलो नाही, कुणाच्या हाताखाली राहिलो नाही. सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यायला मागचं घर बांधलं, त्याला सहा वर्षं झाली. आजवर एकाही पाहुण्याने माझ्या दाराला नाव ठेवलं नव्हतं.

आज ठेवलं. काल उतरलेल्या बाई – एकट्याच, पंधरा दिवसांसाठी – सकाळी म्हणाल्या, “काका, दारातलं ते छिद्र बुजवाल का?”

छिद्र! कडीच्या वर बोटभर अंतरावर, पेन्सिल जाईल एवढं. वाकवलेली तार आत घातली की कडी बाहेरून उचलता येते. मुलगी चार वर्षांची असताना न्हाणीघरात कोंडली गेली होती. दार फोडायला दीड तास लागला. तेव्हापासून माझं प्रत्येक दार बाहेरून उघडतं. जाहिरातीतही शेवटी लिहिलंय तसं. मुलगी म्हणाली होती, “बाबा, हे कशाला जगाला सांगताय?” म्हटलं, चांगल्या कामाची लाज कसली?

बाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे कोणीही उघडू शकतं.”

कोणीही! तार नेमकी दोन जागी वाकवावी लागते, वर मनगटाचा झटका लागतो. मी काय कोणीही आहे?

४ तारीख, बुधवार

छिद्रात साबण कोंबलाय.

शिवाय जेवणाचं टेबल ओढून दाराला लावलंय. फरशीवर चरे – चार. हिला सांगितलं, तर म्हणते, “अहो, बाई सुट्टीवर आल्यात आणि दिवसभर पडदे लावून बसतात. समोर तळं आहे, एकदा खिडकी उघडली नाही. ते दिसलं नाही तुम्हाला?”

मला चरे दिसले.

५ तारीख, गुरुवार

टाचणीने साबण काढला. दुपारी पाहतो तर परत भरलेला. तळपायाची आग मस्तकात.

६ तारीख, शुक्रवार

एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून हिलाच पुढे केलं. भिंतीत खिळा ठोकायचा तर बोट ठेचून घेणारी बाई. म्हटलं, आमच्या पुढच्या दारालाही तशीच कडी आहे, ती उघडून दाखव. घड्याळ घेऊन आत बसलो. अर्धा तास तरी खटपट करेल, मग बाईंना बोलावून दाखवीन, असा बेत होता.

कपडे अडकवायच्या हँगरची तार सरळ करून आली. अकरा सेकंद.

“एवढंच?” म्हणाली.

सहा वर्षं पाहुणे या कडीच्या भरवशावर झोपले. एवढं मोजतो मी, सूत सूत मोजतो, आणि हे एकदाही मोजलं नाही.

संध्याकाळी सागाच्या खुंट्या तासल्या, सरस लावून मागच्या घराच्या बाहेरच्या दोन्ही दारांच्या आणि आमच्याही दारांच्या छिद्रांत ठोकल्या. पॉलिश केलं. बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला, दाबून पाहिलं. आभार वगैरे काही नाही. टेबल मात्र स्वतःहून एका बाजूने उचललं. मी निघताना म्हणाल्या, “काका, चरे भरून देते.”

नको म्हटलं. राग आहेच, पण आता तो त्यांच्यावर काढता येत नाही.

७ तारीख, शनिवार

मागच्या घराची एक खिडकी उघडी दिसली.

८ तारीख, रविवार

दुपारी एक गृहस्थ आले. कडक इस्त्री, शब्दाशब्दाला ‘दादा’. बाईंचे यजमान. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांना माझी जाहिरात सापडली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा हा पहिलाच. “घरातली बाब आहे, दादा. तिला काही बोलू नका. फक्त ती तार द्या.”

फाटकाबाहेर काढला. बाईंना आमच्याकडे आणलंय, मुलीच्या खोलीत.

खुंट्यांचं त्याला माहीत नव्हतं. आता काहीच न उघडणाऱ्या त्या तारेचे तो साठ हजार देत होता. दिली नाही.