तारीख उलटल्यावर

माय, तुला जाऊन बारा वर्षं झाली तरी तू माझा पिच्छा काही सोडत नाहीस. तुझी नात पहिल्या बाळंतपणासाठी माझ्याकडे शहाद्याला आली आहे. सोनोग्राफीच्या कागदावरची तारीख उलटून आज चौथा दिवस. बाळाचे ठोके छान आहेत, पाणी पुरेसं आहे. डॉक्टर म्हणतात, एक दिवसाआड तपासू, अजून थांबायला हरकत नाही. एवढं सगळं ठीक असताना माझंच डोकं ठिकाणावर नाही. तीस वर्षं नर्स म्हणून बायकांना धीर धरा, धीर धरा सांगत आले, आणि आता पोरीच्या पोटाकडे बघत घरभर येरझाऱ्या घालते आहे.

त्यात विहीणबाई. त्यांचं नवापूरला पोल्ट्रीचं काम, अंडी उबवण्याची मशीन घरामागेच. रोज सकाळी चहाच्या वेळेला फोन. "आम्हनाकडे एकविसावा दिनले पिल्लू भाईर. तुम्हनाकडे कसं काय लांबी ऱ्हायनं?" आता या बाईला काय सांगायचं? तारीख हा अंदाज असतो, मशीनचा काटा नव्हे, हे दोनदा सांगून झालं. त्या "बरं बरं" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा वेळी मला कळसाडीचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. वेचणीचे दिवस, कोपऱ्यात छताला लागेल एवढा कापूस रचलेला. वहिनीला आठवा महिना, आणि भाकरी थापता थापता तिचं पोट दगडासारखं घट्ट झालं. मी नुकतीच नर्सिंग शिकून आलेली, मनगटावर नवं घड्याळ. कळा सुरू झाल्या म्हणून मी जाहीर करून टाकलं, दादाला जीप आणायला पिटाळलं, दारात अर्धी गल्ली गोळा केली. गावची सुईण असलेली तू शांतपणे हात धुतलेस (साबणाने, कारण त्यावरून मी शिकत असतानाच तुझ्याशी वर्षभर भांडले होते), वहिनीला पाणी पाजलंस, कापसावर डाव्या कुशीवर निजवलंस आणि तिच्या पोटावर हात ठेवून बसलीस. तास गेला. मी घड्याळ बघतेय, तू माझ्याकडे बघतेयस. हळूहळू पोट सैल पडलं ते पडलंच. मग सगळ्या बायांसमोर मला म्हणालीस, "पिशवी आजून निजेल शे. तिले कसाले उठाडी ऱ्हायनी? तुन्हा घड्याळले इचारीसन बाळ येत नही." बाया हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि तुला सांगते, आजही आठव्या महिन्यात कुणाचं पोट असं घट्ट झालं तर मी तिला आधी दवाखान्यातच पाठवीन. त्या दिवशी तुझं नशीब चांगलं होतं. पण पिशवी निजेल शे, निजलेली आहे, म्हणजे काय, हे कधी नीट सांगितलंस का? एवढ्या बायांची सुटका केलीस, पोटच्या पोरीला मात्र दोन वाक्यं समजावून सांगवली नाहीत. ते मी पुढे पुस्तकं वाचून शिकले. गर्भपिशवी म्हणजे शरीरातला एक जबरदस्त स्नायू. तो आखडला तर बाळाला बाहेर ढकलेल, म्हणून प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक त्याला महिनोन्‌महिने सैल ठेवतं. पेशींचं एकमेकींशी फारसं बोलणं नसतं, त्यामुळे एखादी आखडली तरी बाकीच्या तिच्यामागे जात नाहीत. मधूनच पोट घट्ट होतं आणि सुटतं, तो नुसता सराव. दिवस भरत आले की त्या पेशी एकमेकींशी जोडल्या जातात, कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनला दाद द्यायला लागतात, आणि मग सगळ्या एकदम कामाला लागतात. म्हणजे तुझं बरोबर होतं. याचाच मला जास्त राग येतो.

काल दुपारी मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, "सासरचे ऐकत नाहीत हो, कळांचं इंजेक्शन देऊन टाकू या का?" ते म्हणाले, "सिस्टर, सगळं चांगलं आहे. गरज लागली तर मीच सांगेन. तुम्हाला मी वेगळं काय सांगायचं?" मी फोन ठेवला. पोर दारातच उभी होती. म्हणाली, "मम्मी, मन्ही सासू इंजेक्शननं कधीच बोलनी नही." मग माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. पोट मऊ होतं. आत बाळ फिरत होतं.

मी हात तिथेच राहू दिला. या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही. विहीणबाई खरंच फक्त विचारत होत्या, माय. इंजेक्शनची घाई माझी होती, आणि नाव मी त्यांचं घेतलं. आज सकाळी त्यांचा फोन आला तेव्हाही मी हे त्यांना सांगितलं नाही.