गल्लीच्या टोकाचा नळ

१७ एप्रिल, गुरुवार

पाणी आलं! आठ-नऊ दिवसांनी. ह्यांनी आडतीवर जायचं थांबवून आधी मोटार लावली. आमची मोटार जुनी — घुर्र करते, अडखळते, पुन्हा घुर्र करते, मग लागते. थेट नगरपालिकेच्या नळालाच जोडलेली. हौद भरला, टाकी भरली, पिंपं भरली. शेवटी तांब्या-फुलपात्रंसुद्धा भरून ठेवली, जणू उद्या प्रलयच.

गल्लीच्या टोकाला नागुबाईच्या नळातून नुसती हवा. ती दुपारी आमची भांडी घासायला आली — आमच्याच पाण्यानं. जाताना म्हणाली, "अक्का, दोन घागरी देता का? सून बाळंतीण हाय, लेकराला न्हाऊ घालायला बी पाणी न्हाई."

मी घागर उचलली तोच हे आतून म्हणाले, "पुढच्या पाण्याला बघू."

नागुबाई मान डोलावून "हाव" म्हणाली आणि गेली. मी घागर खाली ठेवली. एवढंच आज.

२० एप्रिल, रविवार

जेवताना टीव्हीवर श्रीमंतांवर कर वाढवायची चर्चा. हे घास हातात धरूनच तापले. "एकाचं काढून दुसऱ्याला द्यायचं म्हंजे चोरी हाय, चोरी! आम्ही काय फुकट कमावून राहिलो का?"

मी म्हटलं, "मग नळाचं पाणी कुणी कमावलं?"

"मोटार मी इकत आणली."

"मोटार आणली. पाणी?"

"वरण वाढ," म्हणाले. वाढलं. तीस वर्षं असंच, वाद कुठूनही सुरू झाला तरी वरणावर येऊन थांबतो. आता भांडायचाही कंटाळा येतो.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज केलंच! हे आडतीवर गेल्यावर मोटार काढली. पान्हा नागुबाईनंच फिरवला, माझ्या मनगटात जोर राहिला नाही. ह्यांना सांगितलं, जळाली, दुरुस्तीला दिलीय. घरात लपवायला जागा नाही — ह्यांना चमचा सापडत नाही, पण नको ती वस्तू बरोबर सापडते. म्हणून नागुबाईला म्हटलं, तुझ्याकडे ठेव, खाटेखाली. पोत्यात गुंडाळून डोक्यावर घेऊन गेली.

आता तरी पाणी टोकापर्यंत जाईल. लेकराला अंघोळ मिळेल. कितीतरी दिवसांनी हलकं वाटतंय.

२६ एप्रिल, शनिवार

पाणी आलं. आमच्याकडे करंगळीएवढी धार. नागुबाईकडे — काही नाही!

सगळं शेजारच्या शिवमूर्तींनी ओढलं. त्यांची मोटार आमच्याहून मोठी. त्यांची टाकी भरून वाहत होती आणि मी गच्चीवर उभी राहून बघत होते. माझा दानधर्म त्यांच्या भिंतीवरून ओघळून गटारात गेला. हसावं की रडावं!

नागुबाईला काय सांगू? तिनंही विचारलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

बसव जयंती. मठात दासोह, सगळ्या गावाला जेवण. हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळे एकाच पंगतीत, हे स्वतः गव्हाची गोड हुग्गी वाढत होते. "अजून घे बाबा, लाजू नको" — घामानं सदरा भिजलेला, डोळ्यांत खरंच पाणी. नागुबाईच्या पानात तर दोनदा वाढली.

ह्यांचं ढोंग नाही, हीच तर पंचाईत आहे. ढोंग असतं तर रागावता आलं असतं. पळी आपल्या हातात असली की ह्यांना भरभरून देता येतं. आपल्याला न विचारता कुणाला त्याचं मिळालं की मात्र पोटात दुखतं.

आणि मी? मी तरी मोटारीचं खरं सांगितलंय का?

१ मे

पाय सुजलेत. हे म्हणतात, आता शिवमूर्तींपेक्षा मोठी मोटार आणू.

५ मे, सोमवार

सकाळी पाणी सुटलं. आमचा नळ कोरडा. धारसुद्धा नाही.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आवाज. घुर्र. अडखळली. पुन्हा घुर्र. मग लागली.

आधी रागच आला, लपवत नाही. घागर घेऊन तरातरा गेले. नागुबाईच्या दारात पाइप, पिंपं भरत होती, मागं तिच्या ओळीतल्या बायकांच्या घागरी. अंगणात पाटावर बसून तिची सून लेकराला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. तांब्यामागून तांब्या, हात न आखडता. लेकरू बेंबीच्या देठापासून रडत होतं.

माझा राग तिथंच विरला. पण घरात पाणी नव्हतंच. म्हटलं, "नागुबाई, एक घागर देतेस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मागच्या घागरींकडे पाहिलं. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता.

"पुढच्या पाण्याला बघू, अक्का."

मी "हाव" म्हणाले.