आडवं न करता दात काढणाऱ्या डॉक्टरची मिळकत

मी, डॉ. विजयसिंह हंबीरराव इंगवले, वय एकोणसत्तर, व्यवसाय दातांचा दवाखाना, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मनाने मी ठणठणीत आहे. शरीरानेही आहे, फक्त मान आणि कंबर एवढा भाग त्यातून वगळावा. सोबत डॉक्टरी दाखला जोडला आहे. देणारा ओळखीतला असल्याने मानेविषयी त्याने फारच सौम्य लिहिले आहे.

कलम १. राहते घर, घरातील सर्व चीजवस्तू व बँकेतील ठेवी माझी पत्नी प्रियदर्शनी हिला. गरम मिठाच्या पुरचुंडीने माझी मान शेकताना ती न चुकता ऐकवायची, "लोकांचं दात सरळ करतासा आन् सोता वाकडं हुतासा." तक्रार रास्त होती. पुरचुंडीही तिलाच.

कलम २. गारगोटीजवळची शेती मुलगा पृथ्वीराज याला. बांधावरचा आंबा तोडू नये. याच पोराने पुण्याहून मला खोगिरासारख्या बैठकीचे स्टूल पाठवले होते. त्यावर बसले की पाठ आपोआप ताठ राहते. मी त्यावर एप्रन टांगत आलो. दर दिवाळीला तो ते बघायचा आणि काही बोलायचा नाही. चिरंजीव, न बोलल्याबद्दल आभार.

कलम ३. लक्ष्मीपुरीतील दवाखाना, खुर्ची व अवजारांसह, माझी मुलगी डॉ. संयोगिता हिला, पण अटीवर. अट कळण्यासाठी आधीची हकीकत लिहिणे भाग आहे.

दवाखाना नवा होता तेव्हा गगनबावड्याच्या बयाबाई दाढ धरून आल्या. मी खुर्ची मागे कलवू लागताच त्या डोक्यावरचा पदर सावरत ताडकन उठून बसल्या. "डॉक्टरम्होरं पाय पसरून निजू व्हय? आडवं व्हायला मी काय मेलोय?" मला त्यांचा संकोच मोडवेना. त्या ताठ बसल्या आणि मीच वाकून, मान वाकडी करून दाढ काढली. बाईंनी गावभर सांगितले. मग घाटमाथ्यापासून नदीकाठच्या वाड्यांपर्यंतची माणसे 'आडवं न करता दात काढणारा डॉक्टर' विचारत येऊ लागली. थोरली माणसे, सासुरवाशिणी, फेटेवाले पाटील, सगळे ताठ बसायचे आणि मी वाकायचो. माझा नावलौकिक म्हणतात तो एवढाच आहे.

आता त्याच नावावर संयोगिता वाकते आहे. गेल्या श्रावणापासून ती चहाचा कप डाव्या हाताने उचलते. विचारले तर म्हणाली, "काही नाही बाबा, जरा मुंग्या येतात." माझ्याही हाताला आधी मुंग्याच आल्या होत्या. आता मागून कुणी हाक मारली तर मला अख्खे अंग फिरवावे लागते. तिला म्हटले, पेशंटला आडवे कर. ती म्हणाली, "ती माणसं तुमच्या नावावर येतात बाबा. आडवं व्हा म्हटलं तर उठून जातील." त्या दिवसापासून मला तिच्याविषयी फार भीती वाटते.

म्हणून अट अशी की, तिने प्रत्येक पेशंटला पुरते आडवे करून, स्वतः पृथ्वीराजच्या स्टुलावर बसूनच काम करावे. वयाचा, गावाचा, पदराचा अपवाद नाही. जो ऐकणार नाही त्याला चहा पाजून निरोप द्यावा. नाव बुडाले तर खुशाल बुडू दे. नाव दुखत नाही, मान दुखते. अट मोडल्यास दवाखाना पृथ्वीराजकडे जाईल आणि तो तिथे मोबाईलचे दुकान घालील, हे तिने ध्यानात ठेवावे.

कलम ४. दवाखान्यातील मदतनीस तानाबाई यांना तिथला पंखा, रेडिओ आणि "डॉक्टर, पाठ!" असे पेशंटसमोर ओरडण्याचा पूर्ण अधिकार.

कलम ५. मित्र आकाराम चौगले साक्षीदार असल्याने त्याला काही देऊ नये, असे वकील सांगतात. रंकाळ्यावर फिरताना "मान वर करा की डॉक्टर, तळं तिकडं हाय!" असे तो माझ्यावर ओरडतो. यापुढे त्याने संयोगितावर ओरडावे. याला मिळकत म्हणता येत नाही, सबब वकिलांचीही हरकत नाही.

कलम ६. परवा माझीच दाढ दुखली. मी मुद्दाम दार उघडे ठेवायला लावले आणि संयोगिताच्या खुर्चीत पुरता आडवा झालो. बाहेर बयाबाई बसल्या होत्या, आता त्याही थकल्या आहेत. मोठ्याने म्हणाल्या, "आगं बया, डॉक्टरच निजलं की!" माझ्यानंतर त्यांची पाळी आली. पायांवर लुगडं नीट ओढून घेत त्या निमूट आडव्या झाल्या. त्या दिवशी संयोगिताने पहिल्यांदाच पाठ ताठ ठेवून काम केले. मी बाहेर बाकावर बसून ते पाहिले आणि मला रडू आले.

यापुढे मी आणखी एकदाच आडवा होईन. त्या दिवशी लोक पाया पडायला वाकतील, त्यांना वाकू द्यावे. संयोगिता, तू मात्र वाकायचे नाहीस. खुर्चीपाशी बसतेस तशी माझ्या उशाशी ताठ बस आणि तिथूनच हात जोड. तेवढा नमस्कार मला पोचेल.

लिहून देणार: विजयसिंह हंबीरराव इंगवले (सही)

आम्हा दोघांसमक्ष वरील सही झाली, आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
१. आकाराम दत्तू चौगले (सही)
२. रोहिणी तात्यासो मगदूम (सही)

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५