आईच्या डोक्यावरचं लाकूड

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं एकही काम तुम्हाला विचारल्याशिवाय होत नाही, आणि आता मला याचा खरोखर वैताग आला आहे. मी कुठे विचारते? तुम्ही कसं केलं असतं, हे बाकीचेच काढतात. आसेगावच्या शेतात आईसाठी लाकडी घर बांधलं. आपल्या काळ्या मातीत विटांच्या भिंती कशा तडकतात ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून सागवानी खांबांचा सांगाडा, मधे फळ्या आणि वर टिनाचं दोन्हीकडे उतरतं छप्पर. आईची अट एकच होती. डोक्यावर माळा नको, आडवी तुळई नको. "वर पाह्यलं तं थेट आढं दिसलं पायजे," ती म्हणाली. "जलमभर वाकून सैपाक केला म्या."

ती कशामुळे वाकली हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. गावभर उंच छपरं चढवणारा सुतार, आणि त्याच्याच घरात स्वयंपाकघराच्या तुळया हात लागेल इतक्या खाली. त्यांच्यावर तुमचा लाकूडसाठा रचलेला. मला अजून दिसतं: मी शाळेतून येते तेव्हा आई भाकरी थापत असते, धूर त्या फळ्यांना अडून तिच्याच तोंडावर उतरतो आणि ती पदरानं डोळे पुसते. तुम्ही शांतपणे म्हणता, "धुरानं लाकडाले कीड लागत नाही." आई विचारते, "अन् मले?" तुम्ही आणखी एक भाकर मागता.

त्या ढिगात सागवानाचं एक लांबलचक, जाडजूड लाकूड होतं. कितीतरी जणांनी मागितलं, तुम्ही दिलं नाही. "चांगल्या कामाले ठेवलं हाय," एवढंच सांगायचात. कुठलं काम, ते कधी सांगितलं नाहीत. आईनं एकदा दुधाचं शिंकं टांगायला त्यात आकडा ठोकला, तर एका आकड्यासाठी तुम्ही तिला इतकं बोललात की मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आकडा तिनं काढला नाही. मला आजही त्याचं बरं वाटतं.

तर आता छपराचं. मी नकाशा काढला आणि तुमच्या हाताखाली शिकलेल्या चाचांना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "बेटी, उस्ताद तुळईबिगर छप्पर टाकत नव्हते. वासे भिंतीले बाहेर ढकलतेत." मला माहीत आहे. तुळई दोन्ही भिंती धरून ठेवते, ती काढली तर वासे फाकतात आणि छप्पर बसतं. पण छपराच्या शेंड्यावरचं आढंच भक्कम घेतलं, त्याची दोन्ही टोकं पायापासून वरपर्यंत अखंड गेलेल्या खांबांवर ठेवली आणि वासे त्या आढ्याला अडकवले, तर वजन खांबांवर जातं, भिंतींना कोणी ढकलत नाही. वाऱ्यानं उचलू नये म्हणून प्रत्येक वाशाला लोखंडी पट्टी. हे मी चाचांना समजावलं, मग पुन्हा समजावलं. शेवटी आई, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीसुद्धा चहा देताना म्हणते, "तुहे बाबा असं नसते करत." मी कपाळाला हात लावला.

एवढ्या लांबीचं आढं मिळेना. लोखंडी गर्डर टाकला असता तर काम सोपं होतं. पण आई मालेगावला मामाकडे गेली तेव्हा मी आणि चाचांनी जुन्या स्वयंपाकघरातून ते लाकूड उतरवलं. धुराचा थर रंधून काढला. आत एकही कीड नव्हती, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागलं. आकडा काढला, भोक राहिलं. लाकूड रुंद बाजू उभी ठेवून वर चढवलं, कारण तसंच ते वाकत नाही. मग वैशाखात एका दुपारी असं वादळ आलं की शेजारच्या गोठ्याची टिनं शेताच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन पडली. मी आत उभी होते. छप्पर नुसतं वाजलं, हललं नाही. चाचा पावसातून भिजत आले, प्रत्येक खांब हातानं तपासला आणि बिडी पेटवली.

ज्यानं छप्पर टाकलं त्याच्या घरच्यांनी पहिलं जेवण त्याखाली करायचं, हा तुमचा नेम. म्हणून परवा आईनं तिथे गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले. ताठ उभी राहून वरण घोटत होती. धूर सरळ वर गेला आणि आढ्याजवळच्या झरोक्यातून बाहेर पडला. त्याच्यामागे तिची नजर गेली आणि तिथेच थांबली. ते भोक तिला दिसलं होतं.

"हे तं माह्या शिंक्याचं लाकूड हाय." तिनं रवी खाली ठेवली. "कायच्यासाठी ठेवलं होतं वं त्यायनं हे?"

मी म्हणाले, "तुह्या घरासाठी."

तिनं पदर डोळ्यांना लावला. धूर तर खाली नव्हताच. मग तिनं तुमच्या नावाचं पान वाढलं आणि पहिला रोडगा त्यावर ठेवला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तुमच्यावरचा राग तसाच आहे, आणि तरी ते उंच छप्पर मी तुमच्या नावावर केलं. मी तिच्याशी खोटं बोलले की खरं, ते मला अजून माहीत नाही.